घोडीचोर रणजीतराव

रणजीतराव मोहिते यांच्यावर चोरीचा गुन्हा दाखल झाला त्या दिवशी माझा जेवणाचा डबा त्यांच्या गाडीत होता. आदल्या संध्याकाळी मी तो विसरले होते. बातमी कळल्यावर मी पोलिस स्टेशनला धावले. बाकावर बसल्या बसल्या त्यांनी पिशवीतून डबा काढून माझ्या हातात दिला. धुतलेला, पुसलेला.

"भाजी स्वल्प उरली होती," ते म्हणाले. "आंबली म्हणून टाकली. रागावू नको."

मी डबा धरून उभी राहिले.

मी नागपूरची. मराठी घेऊन एम.ए. केलं आणि बेंगळुरात, बेळ्ळंदूरच्या एका कंपनीत मराठी मजकूर तपासायची नोकरी लागली. राहायला एचएसआर लेआउट. सकाळी ऑफिसची कॅब न्यायला येई, संध्याकाळी परत सोडी. ती कॅब रणजीतरावांची. पहिल्याच आठवड्यात मी फोनवर आईशी बोलत होते. फोन ठेवल्यावर त्यांनी आरशातून पाहिलं.

"आम्ही पण मराठीच की."

त्यांची मराठी माझ्यासारखी नव्हती. वाक्याच्या शेवटी 'की', मध्येच कन्नड शब्द. त्यांचे पूर्वज साडेतीनशे वर्षांपूर्वी फौजेबरोबर इकडे आले आणि इथलेच झाले. मी त्यांना अण्णा म्हणू लागले. ते मला तंगी म्हणू लागले, म्हणजे धाकटी बहीण. खरं तर ते माझ्या वडिलांच्या वयाचे.

"आमची माणसं घोड्यावरून आली," ते सांगायचे. "हे सगळेच सांगतात. घोड्याला काय घालायचे खायला, ते कोणी सांगत नाही."

स्वतः अण्णा घोड्याला भितात. लहानपणी एका वरातीत घोड्याने त्यांच्या डोक्यावरची टोपी काढून चावली होती. घराण्यात आजोबा लॉरी चालवायचे, वडील बस, अण्णा कॅब. हॉर्न ते सहसा वाजवत नाहीत. "वाजवून कोण पुढं गेलंय इथं?" असं त्यांचं म्हणणं.

दुपारी, दोन शिफ्टच्या मधल्या वेळात, ते तळ्याच्या बाजूच्या एका मोकळ्या प्लॉटपाशी गाडी लावून जेवायचे. तिथे त्यांना ती दिसली. पांढरी घोडी, खुंटाला आखूड दोरीने बांधलेली. दोरी पोचेल तेवढ्या गोलातलं गवत संपलं होतं. त्या गोलाच्या पलीकडे सगळं हिरवंगार. पाठीवर खोगिराची जखम, तिच्यावर माश्या. मागचा एक पाय ती टेकवत नव्हती. कपाळावर कुठल्या तरी वरातीतली एक चमकी अजून चिकटलेली होती.

अण्णांनी डब्यातला बायकोच्या हातचा बिसीबेळे भात तिच्यापुढे ठेवला. तिने हुंगून तोंड फिरवलं.

"प्रेमाच्या हातचं नाकारलं तिनं," संध्याकाळी ते मला म्हणाले. "माझी तेवढी हिंमत नाही."

मग ते गाडी धुवायच्या बादलीतून पाणी देऊ लागले. बादली लांबूनच पायाने पुढे सरकवायची, आणि पाणी पिऊन झालं की काठीने ओढून घ्यायची. जवळच्या चहाच्या टपरीवर चौकशी केली. टपरीवाली म्हणाली, लग्नातली घोडी आहे, मालक कधी येतो, कधी येत नाही. अण्णांनी मालकासाठी आपला फोन नंबर तिच्याकडे ठेवला. फोन आला नाही. प्राण्यांच्या मदतीचे म्हणून मिळालेल्या नंबरांवर त्यांनी फोन लावले. पहिल्याने दुसऱ्याचा नंबर दिला, दुसऱ्याने पहिल्याचा.

एका दुपारी घोडी आडवी पडलेली होती. बादली पुढे सरकवली तरी मान उचलेना. ऊन उतरल्यावर कशीबशी उठली.

त्या संध्याकाळी मला त्यांचा फोन आला. "तंगी, आज दुसरी गाडी घे. मी स्वल्प अडकलोय."

मी दुसरी गाडी घेतली. रिंग रोड नेहमीसारखा तुंबलेला. अर्धा तास आम्ही एकाच पुलाखाली होतो. शेजारच्या सीटवरच्या मुलीने खिडकीबाहेर मोबाइल धरला आणि ती हसायला लागली. मी वाकून पाहिलं.

सर्व्हिस रोडवरून अण्णा चालले होते. हातात दोरी होती, जितकी लांब धरता येईल तितकी लांब धरलेली. दोरीच्या दुसऱ्या टोकाला लंगडणारी पांढरी घोडी. ती एक पाऊल टाकायची आणि थांबायची. ती थांबली की अण्णाही थांबायचे. वळून तिच्याकडे बघायचे नाहीत, भीती वाटत असावी. मागे स्कूटरवाले, डिलिव्हरीवाले, एक पाण्याचा टँकर. सगळे हॉर्न वाजवत होते. अण्णा कोणालाही वाट देत नव्हते.

मी काच खाली केली. "अण्णा! हे काय?"

"सरी, सरी," ते मला म्हणाले, म्हणजे बरं, बरं. "उद्या सांगतो. आता बोललो तर ती थांबते."

आणि ते पुढे गेले. आमची गाडी तिथेच होती.

त्यांच्या घराशेजारी मेव्हण्याचं बंद पडलेलं गॅरेज आहे. तिथल्या पत्र्याच्या शेडमध्ये घोडी बांधली. त्यांच्या पत्नी, प्रेमाक्का, दारात आल्या. त्यांचा पहिला प्रश्न मला अण्णांनीच नंतर नक्कल करून सांगितला.

"दूध आणा म्हटलं की घोडी आणतात होय?"

पण दुसऱ्या दिवशी त्यांनीच हरभरे भिजवले. डॉक्टर आणला. जखमेवर औषध लावायची वेळ आली की अण्णा बाहेर उभे राहायचे आणि प्रेमाक्का आत जायच्या. घोडी आठवड्याभरात उभी राहून खाऊ लागली. टपरीवाल्या बाईला अण्णांनी सांगून ठेवलं होतं, मालक आला तर घोडी माझ्याकडे आहे म्हणावं. मालक आला नाही.

मग आली आयुधपूजा, म्हणजे आपली खंडेनवमी. बेंगळुरात त्या दिवशी एकही गाडी हारावाचून दिसत नाही. चाकाखाली लिंबू, बॉनेटवर हळदकुंकू, पुढ्यात कोहळा फोडायचा. ज्याच्यावर पोट चालतं त्याची पूजा. अण्णांनी कॅबची पूजा केली. हार उरला होता. तो घेऊन ते शेडमध्ये गेले. प्रेमाक्कांनी घोडीच्या कपाळाला कुंकू लावलं. अण्णांनी डोळे मिटून तिच्या गळ्यात हार टाकला. भक्तीने नव्हे, भीतीने. हे मी तिथे होते म्हणून सांगू शकते. फोटोत मात्र ते अगदी ध्यानस्थ दिसतात.

फोटो काढला हणमंतरावांनी. ते इथल्या मराठी समाजाचे अध्यक्ष, निवृत्त बँक अधिकारी. प्रसाद द्यायला आले होते. घोडी, हार, मोहिते आडनावाचा माणूस, खंडेनवमी. त्यांना राहवलं नाही. त्यांनी तो समाजाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'शूर परंपरेचा वारसा! अश्वपूजन करताना श्री. रणजीतराव मोहिते.' अंगठ्यांचा आणि फुलांचा पाऊस पडला. कोणीतरी लिहिलं, 'जय भवानी.' कोणीतरी लिहिलं, 'घोडी कितीला घेतली?'

त्याच ग्रुपवर रघुजी शिर्के होता. लग्नाचा बँड, दिव्यांचा रथ आणि घोडी पुरवणारा. त्याने फोटो मोठा करून पाहिला. घोडी त्याची होती.

दुसऱ्या दिवशी तो पोलिसांत गेला.

इन्स्पेक्टरांनी कन्नडमध्ये विचारलं, "घोडी तुम्ही नेली?"

"नेली की."

"मालकाला विचारून?"

"मालक सापडला असता तर न्यावी कशाला लागली असती?"

"म्हणजे न विचारता."

"होय."

गुन्हा लिहिला गेला. घोडी मुद्देमाल झाली. तिला आणून स्टेशनच्या आवारात, जप्त केलेल्या गंजक्या मोटारसायकलींच्या रांगेत बांधलं. दुपारपर्यंत तिने दारातल्या कुंड्यांमधली सगळी रोपं खाल्ली. संध्याकाळी इन्स्पेक्टरांनी अण्णांकडून एका कागदावर लिहून घेतलं, कोर्टाचा हुकूम येईपर्यंत घोडी सांभाळीन म्हणून, आणि चोरीचा माल चोराबरोबरच घरी पाठवला.

मला ते सगळं गमतीचं वाटत होतं. दोन दिवसांनी नाही वाटलं.

ऑफिसच्या कॅबवर काम करायला ड्रायव्हरला पोलिसांचा दाखला लागतो, याच्यावर गुन्हा नाही असा. अण्णांचा दाखला त्याच महिन्यात नवा करायचा होता. चोरीची केस चालू असताना तो मिळणार नव्हता. कंपनीच्या ट्रान्स्पोर्ट डेस्कने त्यांना थांबवलं. बोलणारा मुलगा सभ्य होता. म्हणाला, "अंकल, दाखला आणा, उद्या ड्यूटी देतो."

गाडी दारात उभी राहिली. ती दिसली की प्रेमाक्का पडदा ओढायच्या.

"केसची भीती नाही मला," त्या मला म्हणाल्या. "पण गल्लीत भाजीवाला विचारतो, अण्णा कामाला जात नाहीत का? काय सांगू? चोर आहेत म्हणून घरी आहेत?"

हणमंतरावांनाही वाईट वाटत होतं. त्यांनी समाजाच्या हॉलमध्ये बैठक बोलावली. मी अण्णा आणि प्रेमाक्कांबरोबर गेले. रघुजी आधीच येऊन बसला होता. बारीक अंगाचा, केस रंगवलेला माणूस.

"सही केली की झालं," हणमंतराव म्हणाले. "रघुजी तक्रार मागे घेईल, तुम्हाला दाखला मिळेल. समाजातली गोष्ट समाजात राहील."

"फोटो तुम्हीच फिरवलात की," अण्णा म्हणाले.

"कौतुकानं टाकला हो मी!"

रघुजी म्हणाला, "अण्णा, माझ्या मनात राग नाही. पण आज घोडी गेली. उद्या कोणीतरी माझा ढोल उचलेल. म्हणेल, बिचारा एकटा पडला होता."

सगळे हसले. अण्णाही हसले. वातावरण सैल झालं. हणमंतरावांनी कागद पुढे केला. चूक झाली, माफी मागतो, घोडी परत करतो, असं त्यावर होतं. अण्णांनी चष्मा लावून वाचला आणि खिशातून पेन काढलं. प्रेमाक्कांनी मोठा श्वास सोडलेला मला ऐकू आला.

"सरी," अण्णा म्हणाले. "चूक माझी. न विचारता नेली. घोडी कुठं आणून देऊ?"

"होती तिथंच बांधा की," रघुजी म्हणाला. "खुंट आहे अजून."

अण्णांनी पेनचं टोपण काढलं होतं. ते तसंच धरून बसले. मग टोपण लावलं.

"तिथं नाही," ते म्हणाले.

"मग कुठं बांधू मी?" रघुजीचा आवाज चढला. "बेंगळुरात जागा आहे कुठं? माणसाला नाही, घोड्याला कुठून आणू?"

"ते खरं आहे," अण्णा म्हणाले. "पण तिथं नाही."

एवढंच. हणमंतरावांनी खूप समजावलं. रघुजी उठून गेला. परत येताना रिक्षात प्रेमाक्का रस्ताभर बोलत होत्या. बायको नको, भाकरी नको, घोडी हवी. घोडीलाच रेशन कार्डावर घाला. अण्णा मान डोलवत होते. मी त्या दोघांच्या मध्ये बसले होते. मला वाटलं, त्यांच्या जागी मी असते तर सही केली असती.

वकील मी शोधली. ऑफिसमधल्या एका मैत्रिणीची बहीण, दिव्यश्री. ती स्पष्ट बोलणारी. "मी कुत्र्यांच्या केसेस लढते," ती म्हणाली. "घोडी पहिलीच." तिने रघुजीविरुद्ध प्राण्याला उपाशी ठेवल्याची तक्रार दिली आणि डॉक्टरांचा अहवाल जोडला. फोटो पाहिल्यावर मात्र तिचा चेहरा उतरला.

"हा आपल्याला बुडवणार. चोरीमध्ये हेतू बघतात. स्वतःची करून घ्यायला नेली की नाही, एवढाच प्रश्न. आणि आयुधपूजेला माणूस कोणाच्या वस्तूची पूजा करतो? स्वतःच्या."

"पण हार उरला होता," अण्णा म्हणाले.

"हे कोर्टात नका सांगू."

मधल्या काळात ते एका ओळखीच्या माणसाचा फुलांचा टेम्पो चालवत होते. पहाटेच फुलबाजार, दुपारी घरी. अंगाला शेवंतीचा वास. दुखणारी पाठ. तक्रार केलेली मी ऐकली नाही. एकदा मात्र म्हणाले, "तंगी, दाखला नाही मिळाला तर काय करूया? मला गाडी सोडून काही येत नाही की."

सुनावणी होती ती घोडी तूर्त कोणाकडे राहावी याची. मॅजिस्ट्रेट बाई होत्या. सगळं कन्नडमध्ये चाललं. दिव्यश्रीची मदतनीस माझ्या कानात सांगत होती. रघुजीच्या वकिलाने फोटो पुढे केला आणि दिव्यश्रीला भीती होती तेच म्हणाला. आयुधपूजेला माणूस आपल्याच आयुधाला हार घालतो. या माणसाने घोडीला हार घातला. म्हणजे ती आपली मानली. आणखी पुरावा कशाला?

बाईंनी फोटो बराच वेळ पाहिला. मग त्यांनी रघुजीलाच पुढे बोलावलं.

"तुम्ही आयुधपूजा केली या वर्षी?"

"केली, मॅडम. दर वर्षी करतो."

"कशाकशाची?"

रघुजी उत्साहाने सांगू लागला. बँडची वाद्यं. जनरेटर. रथ. दिव्यांच्या छत्र्या. सगळ्यांना हार घातले, कोहळा फोडला.

"आणि घोडीची?"

तो थांबला.

"धंदा घोडीवर चालतो ना तुमचा? पूजेच्या दिवशी ती तिथे नव्हती, हे कळलं असेल."

"कळलं होतं. आधीच कळलं होतं. दसऱ्याच्या आधी खुंटापाशी गेलो होतो. खुंट होता, ती नव्हती."

"टपरीवर विचारलं नाही?"

"नाही."

"तक्रार पूजेनंतर दिलीत. फोटो बघून. त्याआधी का नाही?"

रघुजीने आपल्या वकिलाकडे पाहिलं. वकील कागद चाळत होता.

"वाटलं, मेली असेल," रघुजी म्हणाला. "महापालिकेची गाडी घेऊन गेली असेल, असं वाटलं."

तो हे खोटं बोलला नाही. मुद्दामही बोलला नाही. त्याला विचारलं, त्याने सांगितलं. मी अण्णांकडे पाहिलं. ते रघुजीकडे पाहत होते. जिंकल्याचं काहीच त्यांच्या चेहऱ्यावर नव्हतं. वरातीत आजारी पाहुण्याकडे पाहावं तसं ते पाहत होते.

बाईंनी हुकूम दिला. केसचा निकाल लागेपर्यंत घोडी मालकाकडे जाणार नाही. शहराबाहेरच्या एका प्राणी-आश्रमात राहील. बाहेर आल्यावर दिव्यश्रीने अण्णांचा हात जोरजोरात हलवला. म्हणाली, मरायला टाकलेल्या घोडीची चोरी कशी सिद्ध करणार आता?

घोडीला न्यायला आश्रमाची गाडी आली तेव्हा प्रेमाक्का आत निघून गेल्या. थोड्या वेळाने भिजवलेल्या हरभऱ्यांचं पातेलं घेऊन बाहेर आल्या आणि ड्रायव्हरला दम भरला, की पातेलं परत यायला हवं.

पोलिसांनी पुढे तपास केला. टपरीवाल्या बाईने जबाब दिला, नंबर ठेवल्याचा, निरोप ठेवल्याचा. चोरीचा हेतू दिसत नाही असा अहवाल त्यांनी कोर्टात दिला. अशा वेळी तक्रारदाराला विरोध करता येतो. सगळ्यांना रघुजीची धास्ती होती. त्याने विरोध केला नाही. हणमंतरावांनी त्याला कारण विचारलं तेव्हा तो म्हणाला, "माझ्याच तोंडातून गेलं ते. आता काय भांडू?" त्याच्यावरची तक्रार अजून चालू आहे. बँड चालू आहे. घोडी तो आता दुसऱ्याकडून भाड्याने घेतो.

केस बंद झाली आणि अण्णांना दाखला मिळाला. प्रेमाक्कांना तो फ्रेम करून हॉलमध्ये लावायचा होता. "गल्लीतल्या प्रत्येकाला चहाला बोलावते," त्या म्हणाल्या. अण्णांनी मोठ्या मुश्किलीने तो सोडवून घेतला. आमच्या कंपनीचा मार्ग तोवर दुसऱ्याला दिला होता. तो सभ्य मुलगा खरंच हळहळला. पण एचएसआरमधल्या एका शाळेला व्हॅनसाठी माणूस हवा होता. शाळेला दाखला आणखी कडक लागतो. अण्णांनी मुलाखतीत दाखला पुढे ठेवला आणि कोणी विचारायच्या आधी घोडीची सगळी हकीकत सांगितली. दिव्यश्रीने कपाळावर हात मारला. शाळेने अण्णांना घेतलं.

पहिल्या सोमवारी माझी कॅब चुकली. अण्णा म्हणाले, "बस की, वाटेत सोडतो." व्हॅनमध्ये आठ-दहा पोरं, कोणाच्या तोंडी कन्नड, कोणाच्या हिंदी, कोणाच्या इंग्रजी. मागच्या सीटवरून एक दोन वेण्यांची मुलगी पुढे वाकली.

"अंकल, आई म्हणाली तुम्ही घोडा चोरला होता. खरंय?"

मी अण्णांच्या मानेकडे पाहिलं. मला वाटलं, आता हे आयुष्यभर चालणार.

"घोडी," अण्णा म्हणाले. "घोडा नव्हे."

"म्हणजे खरंय!"

"होय की."

पोरांनी एकच गिल्ला केला. कशी चोरली, कुठून, पळवत नेली का, कोणी पाठलाग केला. अण्णांनी सिग्नलला गाडी थांबवली आणि शांतपणे सांगितलं, की चालत नेली, आणि मागे पाण्याचा टँकर होता.

ती मुलगी अजून वाकलेलीच होती. ती हळू आवाजात म्हणाली, "आमच्या समोरच्या बाल्कनीत एक कुत्रा आहे, अंकल. दिवसभर रडतो. त्याला पण चोराल?"

अण्णांनी आरशातून तिच्याकडे पाहिलं. सिग्नल हिरवा झाला होता. मागचे हॉर्न वाजवत होते. ते निघाले नाहीत.

"या वेळी आधी बेल वाजवूया," ते म्हणाले. "तू आईला विचार. तुझी आई, मी, आणि ही तंगी. तिघं जाऊ. आता मागं बस, बेल्ट लाव."

मी होकार दिला नव्हता. पण मुलीने माझ्याकडे पाहिलं, आणि बेल्ट लावला.